हळदीच्या पावतीत क्रिप्टोवाल्यांचे पैसे : सांगलीतून एका व्हीसी फर्मचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, फर्म (व्हीसी, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणारी) चांगली आहे, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार टोकनच्या (कंपनीने काढलेलं, विकता-घेता येणारं डिजिटल नाणं) कलमासाठी, आणि खरं तर त्याच्यासाठीच एवढं लिहायला बसलोय, कारण आपल्या सांगली-साताऱ्याकडची पोरं आता ब्लॉकचेनवर (अनेकांकडे एकच प्रत असलेली, मागून खोडता न येणारी डिजिटल वही) बऱ्यापैकी काम करायला लागलीत आणि पहिली टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा) मेलवर आली की घरात पेढे यायचेच बाकी असतात. आकडा सगळे बघतात, व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची ठरवलेली किंमत, सगळ्यांना पाठ होतं, पण मागच्या पानांवर टोकनबद्दल दोन परिच्छेद असतात ते कोणी धड वाचत नाही.

फर्मचं नाव लिहीत नाहीये. करारात गोपनीयतेचं कलम आहे, सही केलीय, पाळायला हवं. एवढं सांगतो की टीम बेंगळुरूत बसते, फंड परदेशात नोंदलेला आहे आणि क्रिप्टो-ब्लॉकचेन सोडून दुसऱ्या कशात हे लोक पैसे घालत नाहीत. येतात ते एकदम सुरुवातीला, म्हणजे प्रॉडक्ट चालतंय, चार-दोन गिऱ्हाईकं वापरतायत, पण धंदा म्हणून अजून उभं राहिलेलं नाही, त्या टप्प्याला.

आमचं काम काय ते थोडक्यात. मार्केट यार्डात घरचं हळदीचं अडत दुकान आहे, काका बघतात. चुलतभाऊ वालचंदला शिकला, तो आणि त्याचा एक मित्र मिळून साठवणुकीच्या पावतीचं सॉफ्टवेअर बनवतात, धंद्याची बाजू मी बघतो. शेतकरी किंवा व्यापारी माल गोडाऊनला लावतो, त्याची पावती मिळते, ती पावती तारण ठेवून बँक उचल देते. आता यात गोम अशी आहे की एकाच मालावर दोन ठिकाणी उचल निघते, किंवा माल गाडीत भरून गेलेला असतो आणि पावती तशीच फिरत राहते, आणि हे बँकेला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सरकारी नोंदणी असलेल्या गोदामांना २००७ च्या कायद्याखाली इलेक्ट्रॉनिक पावतीची सोय आहे, पण खाजगी गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजचा मोठा व्यवहार अजून कार्बन पेपरच्या पावतीपुस्तकावरच चालतो. तसं बघितलं तर माल जागचा न हलवता त्याचे व्यवहार करणं सांगलीला नवीन नाही, इथे हळदीचा वायदेबाजार होता, हरिपूरला पेवांमध्ये हळद जमिनीखाली ठेवली जायची, २००५ च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं तोपर्यंत ती पद्धत जोरात होती. तर आम्ही ती पावती ब्लॉकचेनवर नोंदवतो, म्हणजे एकदा एका बँकेकडे तारण गेली की दुसरीकडे चालतच नाही.

आता फर्मबद्दल.

पहिला वैतागाचा मुद्दा, उत्तर यायला फार वेळ लागतो. वेबसाइटवरचा फॉर्म भरला आणि नंतर काहीच नाही, आम्ही तो विषय सोडूनच दिला होता, मग एकदम एक दिवस मेल आला की उद्या बोलूया का. कॉल मात्र झकास झाला. आमच्या डेकमधल्या (गुंतवणूकदाराला दाखवायचं सादरीकरण) बाजारपेठेच्या मोठमोठ्या आकड्यांवर त्यांनी एक मिनिटही घालवलं नाही, सरळ विचारलं की याला ब्लॉकचेन कशाला पाहिजे, साधा डेटाबेस का चालत नाही. ब्लॉकचेनमध्येच पैसे घालणाऱ्या माणसाने हा प्रश्न पहिला विचारावा हे मला फार आवडलं. भावाने सांगितलं की डेटाबेस ठेवायचा कोणी? गोडाऊनवाल्याने ठेवला तर बँक मानत नाही, बँकेने ठेवला तर दुसरी बँक मानत नाही, अडत्याने ठेवला तर कोणीच मानत नाही, आणि आम्ही ठेवला तर कालची पोरं म्हणून आमच्यावर का विश्वास ठेवायचा. कोणा एकाच्या हातात वही नसलेली बरी, एवढ्यासाठी ब्लॉकचेन. ते म्हणाले ठीक आहे, यावर पुढे बोलू.

मग त्यांची एक असोसिएट सांगलीला आली. मूळची नागपूरची, त्यामुळे काकांशी मराठीतच बोलणं झालं आणि ते फार बरं झालं. काका तिला सकाळी सौद्याला घेऊन गेले. पोतं फोडलेलं, राजापुरी हळद, व्यापारी हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, मोडताना आवाज कसा येतो त्यावर ओल ओळखतो, हे ती बाजूला उभी राहून बघत होती आणि वहीत लिहून घेत होती. नंतर गोडाऊनला गेलो, थप्पी लावलेली, पोत्यात खुपसायची लोखंडी नळी काकांनी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच काढून बघा." तिने मधल्या एका पोत्यातून नमुना काढला, तळहातावर घेतला आणि विचारलं, "काका, आत हळदच आहे आणि एवढीच आहे, हे मशीनला पहिल्यांदा कोण सांगतं?" भाऊ काहीतरी टेक्निकल सांगायला लागला, काकांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, "मापाडी सांगतो. तो वजन करतो तेव्हाच आकडा खरा असतो, नंतर कागदावर जो येतो तो त्या आकड्याचा भाऊ."

त्या एका उत्तराने आमचं प्रॉडक्ट बदललं. आधी गोडाऊनचा क्लार्क नोंद टाकायचा. आता काट्यावर वजन झालं की मापाड्याच्या फोनवर आकडा जातो, त्याने हो म्हटल्याशिवाय पावती तयारच होत नाही. ब्लॉकचेनवर लिहिलेलं नंतर कोणी खोडू शकत नाही हे खरं, पण लिहितानाच खोटं लिहिलं तर ते खोटं सुद्धा तसंच कायमचं राहतं, या धंद्यातला हा सगळ्यात जुना प्रश्न आहे आणि त्या मुलीने तो थप्पीसमोर उभं राहून विचारला. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं कितीही चमकलं तरी आगीत घातल्याशिवाय भाव सांगत नाहीत, तसलं हे काम. यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

कोड तपासणीही कडक. त्यांच्या टेक्निकल माणसाने काढलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिस्टीमची मुख्य चावी एकट्या भावाच्या लॅपटॉपवर होती. म्हणजे चोरीला गेला लॅपटॉप किंवा उद्या भावाचंच डोकं फिरलं तर सगळ्या पावत्या त्याच्या हातात. त्यांनी तीनपैकी दोन सह्यांची पद्धत लावायला लावली, गोडाऊन, बँक आणि आम्ही, कुठल्याही दोघांनी होकार दिल्याशिवाय मोठा बदल होत नाही. आणि वर हेही सांगितलं की एवढ्यावर झोपू नका, वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजचं वॉलेट सुद्धा अनेक सह्यांचंच होतं आणि जुलै २०२४ मध्ये त्यातून साधारण २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली, सह्या करणाऱ्याला स्क्रीनवर जे दिसतंय तेच आतमध्ये आहे का हे वेगळ्या ठिकाणी तपासायची सवय पाहिजे. हे असले सल्ले पैसे देऊनही सहज मिळत नाहीत.

एवढी तपासणी का करतात तेही समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. २०२१-२२ मध्ये या क्षेत्रात पैसा नुसता ओतला जात होता. अँड्रीसेन हॉरोविट्झ या अमेरिकन व्हीसी फर्मने मे २०२२ मध्ये ४.५ अब्ज डॉलरचा क्रिप्टो फंड जाहीर केला आणि त्याच महिन्यात टेरा-लुना ही क्रिप्टो नाणी कोसळली. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं, सिकोयासारख्या नावाजलेल्या फर्मने त्यातली २१ कोटी डॉलरच्या वरची गुंतवणूक शून्य लिहून टाकली. नंतर बाहेर आलं की हिशेब ठेवायचीच धड पद्धत नव्हती त्या कंपनीत. तेव्हापासून ज्या फर्म टिकल्या त्या प्रश्न जास्त विचारतात, आणि आपल्यासारख्या खऱ्या मालावर काम करणाऱ्याला ते फायद्याचंच आहे, आपल्याकडे दाखवायला थप्पी तरी असते.

घरच्यांना समजावणं वेगळंच प्रकरण. क्रिप्टो हा शब्द ऐकला की आपल्याकडे लोकांना गेनबिटकॉइन ही फसवी योजना आठवते, महिन्याला १० टक्के आणि तेही दीड वर्ष, असं सांगून लोकांना लुबाडलं, २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. त्यामुळे काकांचा प्रश्न रास्तच होता, "हे पैसे फेडायचे कधी आणि व्याज किती?" म्हटलं काका, फेडायचे नाहीत, कंपनीत हिस्सा द्यायचाय. "आणि बुडाले तर?" तर त्यांचे बुडाले. काकांना हे काही केल्या पटेना, कोण शहाणा माणूस असे पैसे देतो म्हणे. मग त्या असोसिएटनेच त्यांना फोनवर सगळं उलगडून सांगितलं, की पैसे फर्मचे स्वतःचे नसतात, मोठ्या गुंतवणूकदारांकडून साधारण दहा वर्षांसाठी घेतलेले असतात, फर्म दरवर्षी दोनेक टक्के फी घेते आणि फायद्यातला पाचवा हिस्सा, हा या धंद्यातला नेहमीचा हिशेब. घातलेल्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच चालतात, एखाद-दुसरी इतकी मोठी होते की सगळं भरून निघतं. आमच्यासमोर, लपवाछपवी न करता सांगितलं, हे मला आवडलं. पण याचा दुसरा अर्थ नीट लक्षात ठेवा. बरी चालणारी, महिन्याला दोन पैसे मिळवणारी कंपनी त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना तुम्ही प्रचंड मोठं व्हायला पाहिजे असता, आणि लवकर.

आणि त्या लवकरमधूनच टोकन येतं.

साधी व्हीसी फर्म शेअर घेते आणि कंपनी विकली जाईपर्यंत किंवा शेअर बाजारात येईपर्यंत वाट बघते, त्याला सात-आठ वर्षं कुठे गेली कळत नाही. क्रिप्टोची फर्म शेअरबरोबर टोकन वॉरंटही मागते, म्हणजे उद्या कंपनीने स्वतःचं टोकन काढलं तर त्यातला अमुक टक्के आमचा. नेहमीची पद्धत अशी की पहिलं वर्षभर ते विकता येत नाही, मग पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू मोकळं होतं. पण तेवढ्यानेही शेअरपेक्षा कितीतरी आधी पैसे हातात येऊ शकतात. पॉलिगॉन या ब्लॉकचेन नेटवर्कने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४५ कोटी डॉलर उभे केले ते टोकन विकूनच, सिकोया इंडियाच्या पुढाकाराने. भारतातून निघालेल्या क्रिप्टोतलं ते सगळ्यात मोठं नाव, त्यामुळे दुसरा पॉलिगॉन शोधायचा असतो सगळ्यांना. यात त्यांचं काही चूक आहे असं मी म्हणत नाही. नेटवर्क चालवायला टोकन लागतं अशा कंपनीत ते बरोबरच आहे. पण हळदीच्या पावतीला टोकन कशाला?

त्यांच्या पहिल्या टर्मशीटमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, सिंगापूरला मूळ कंपनी काढा आणि सांगलीची तिच्याखाली आणा. दोन, ठरलेल्या मुदतीत टोकन काढायचा "प्रामाणिक प्रयत्न" करू असं लिहून द्या, आणि पावत्या त्या टोकनच्या रूपात फिरतील.

आमच्या सीएंनी हे वाचलं आणि करांचा हिशेब मांडला, तो इथे मुद्दाम देतो कारण बेंगळुरूतल्या पोरांना हा प्रश्न एवढा जाणवत नसेल. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. कायद्यातली व्हर्च्युअल डिजिटल मालमत्तेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की फिरतं टोकन झालेली पावती त्यात ओढली जायची भीती आहे. आता ५ लाखांच्या हळदीची पावती एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली की ५ हजार कापले जाणार. तिसऱ्याकडे गेली की पुन्हा तेवढेच. रिटर्न भरल्यावर ते कराच्या हिशेबात मिळतात हे खरं, पण सीझनमध्ये व्यापाऱ्याचा पैसा अडकला की तो दुसऱ्या दिवशी कार्बन पेपरवर परत जाणार, आमचं सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे. म्हणजे ज्या गोष्टीने फर्मला पैसे लवकर मिळतील त्याच गोष्टीने आमचं गिऱ्हाईक पळणार. दोघांचं हित इथे उघड-उघड वेगळं होतं, आणि टर्मशीटमध्ये ते कुठेच दिसत नव्हतं, उलट टोकनमुळे सगळ्यांचाच फायदा असं लिहिलेलं.

सिंगापूरचंही तेच. उचल देणाऱ्या बँका इथल्या, त्यातल्या बऱ्याचशा सहकारी, बाजार समिती इथली, शेतकरी तासगाव-वाळव्याचा. त्यांच्यासमोर सिंगापूरची कंपनी घेऊन जायचं म्हणजे पहिल्या मीटिंगलाच दार बंद.

मग बरेच दिवस वकिलांची ओढाताण चालली. इथे फर्मचा चांगुलपणा सांगायलाच हवा. त्यांच्यातल्या एका पार्टनरने आमचा कराचा हिशेब स्वतः बसून समजून घेतला आणि शेवटी मान्य केलं. आता करार असा आहे : गुंतवणूक भारतातल्या कंपनीतच, पुढे साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतर होणाऱ्या प्रेफरन्स शेअरमध्ये. टोकन काढायचं की नाही हे संस्थापक ठरवणार, मुदत नाही, प्रयत्नाचं वचन नाही. काढलंच तर त्यांचा हिस्सा ठरलेला. आणि मालाची पावती कधीही टोकन समजली जाणार नाही, ती फक्त नोंद, तिची नक्कल ओळखता यावी एवढा एक कोड ब्लॉकचेनवर. बदल्यात त्यांनी व्हॅल्युएशन खाली ओढलं, चांगलंच खाली ओढलं. आम्ही घेतलं. मला आजही तो सौदा योग्यच वाटतो.

पैसे देतानाही एक गोष्ट झाली, सांगून ठेवतो. त्यांनी आधी सुचवलं की यूएसडीसीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) पाठवतो, लवकर होईल. आमच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमनी साफ नाही म्हटलं, शेअरचे पैसे बँकेतूनच आले पाहिजेत, आणि परदेशी पैसा म्हणजे शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी पैशावर शेअर दिल्याचा फॉर्म) भरायचा असतो, त्याला बँकेचा कागद लागतो. फर्मने लगेच ऐकलं आणि डॉलर बँकेतून पाठवले. आपल्याकडच्या शाखेत मात्र पाठवणाऱ्याच्या नावात क्रिप्टो शब्द बघून साहेब चपापले. २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका म्हणून परिपत्रक काढलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं ते लक्षात नव्हतं. निकालाची प्रत घेऊन गेलो, शांतपणे बसून दाखवली, काम झालं. अशी प्रत फाइलला लावून ठेवा.

पैसे आल्यानंतरची सर्व्हिस मध्यम. दर महिन्याला कॉल होतो, हिशेब नीट वाचून आलेले असतात, भरतीला मदत केली, सुरक्षा ऑडिट त्यांच्या ओळखीने बरंच स्वस्तात झालं. पण ओळखी सगळ्या क्रिप्टोतल्याच. आम्हाला पाहिजे असतो जिल्हा बँकेत पावतीतारण बघणारा अधिकारी, आणि ओळख करून देतात दुबईच्या एक्स्चेंजवाल्याशी. त्यांच्या कंपन्यांचा टेलिग्राम ग्रुप आहे, बिटकॉइन वर गेलं की तिथे दिवसभर तेच, पण चार लोक फार कामाचे भेटले हेही खरं. शेतीमाल कळणारा एक माणूस फर्मने कायमचा ठेवावा, असं मी त्यांना लेखी कळवलंय, बघतो म्हणालेत.

तर कोणी जावं? ज्यांचं काम खरोखर ब्लॉकचेनवाचून होत नाही आणि का होत नाही हे ज्यांना साध्या मराठीत आपल्या काकांना सांगता येतं, त्यांनी नक्की जावं, यांच्या नुसत्या प्रश्नांनी तुमचं प्रॉडक्ट सुधारेल, पैसे मिळोत न मिळोत. ज्यांना धंदा सावकाश वाढवायचाय, त्यांनी बँकेचं कर्ज किंवा साधे एंजल (स्वतःच्या खिशातून पैसे घालणारे गुंतवणूकदार) बघावेत, गेल्या काही वर्षांत तो मार्ग थोडा सोपा झालाय, एंजल टॅक्सही (शेअरला वाजवीपेक्षा जास्त भाव मिळाला तर कंपनीला लागायचा तो कर) २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला.

आणि जाणार असाल तर सीए आणि कंपनी सेक्रेटरी आपले स्वतःचे न्या, फर्मने सुचवलेले नकोत, ते चांगले असतील पण शेवटी फर्मचं बिल त्यांना रोज मिळतं. पहिल्याच मेलमध्ये लिहा की टोकन काढणार आहात की नाही आणि नसाल तर का. आम्ही ते डेकच्या शेवटच्या पानावर ठेवलं होतं, पुढच्या वेळी पहिल्या पानावर घेणार. कॉल सौद्याच्या वेळेत घेऊ नका, दुपारनंतरचा मागा, देतात.